रसायनाची चार पुस्तके

बदलीच्या नोकरीत घराचे सामान बांधण्याची वेळ आली, की पहिली गदा पुस्तकांच्या पेटीवर येते. कथा-कादंबऱ्या, संतवाङ्मय, एखादा शब्दकोश एवढे बरोबर जाते. मुलांची सरत्या वर्षाची पाठ्यपुस्तके मात्र रद्दीवाल्याच्या तराजूत पडतात, आणि त्यांत रसायनशास्त्राचे पुस्तक हटकून असते. त्याबद्दल कुणाला हळहळ वाटत नाही. परीक्षा संपली, पुस्तकही संपले. स्वयंपाकघरापासून औषधाच्या कपाटापर्यंत ज्या शास्त्राचा संचार आहे, त्याचे एखादे पुस्तक सुशिक्षित मराठी घरात हौसेने जपून ठेवलेले सहसा आढळू नये, ही गोष्ट आम्हांस विचार करण्याजोगी वाटते.

हा दोष विषयाचा नव्हे. पुस्तकांच्या निवडीचा आहे. रसायन हे मुळात हाताचे शास्त्र. धातू गाळणारा, कापड रंगवणारा, औषध कुटणारा यांच्या हातांनी जे आधी केले, त्याचा अर्थ डोक्याने मागाहून लावला. शाळेच्या पुस्तकात हा क्रम उलटतो. तेथे आरंभी समीकरण येते, नंतर व्याख्या येते, आणि पदार्थ बहुधा येतच नाही. म्हणून रसायनाच्या कोणत्याही पुस्तकाला आम्ही एकच कसोटी लावतो : हे पुस्तक वाचकाचा हात आणि डोके यांना जोडते, की तोडते? या कसोटीस उतरणारी चार पुस्तके येथे विचारार्थ घेतली आहेत. चारही इंग्रजीत उपलब्ध आहेत, आणि चारही एकमेकांहून अगदी निराळी आहेत.

पहिले पुस्तक मायकेल फॅरडे यांचे 'द केमिकल हिस्टरी ऑफ अ कँडल'. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६०-६१ च्या नाताळात फॅरडे यांनी मुलांपुढे सहा व्याख्याने दिली; त्यांचे १८६१ मध्ये पुस्तक झाले. लोहाराच्या घरी जन्मलेला आणि पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला हा मनुष्य रसायनाकडे वळला, त्यातही एका सुबोध पुस्तकाचा वाटा होता. जेन मार्सेट या विदुषीने लिहिलेले 'कॉन्व्हर्सेशन्स ऑन केमिस्ट्री' (१८०६) हे संवादरूप पुस्तक त्याने त्या दुकानात वाचले. चांगले पुस्तक योग्य वेळी हाती पडले तर काय घडते, याचे याहून बोलके उदाहरण शोधण्याचे कारण नाही.

व्याख्यानांचा विषय एक जळती मेणबत्ती, एवढाच. मेण वितळते, पण ज्योतीखाली वाटीसारखा खळगा कसा राहतो? वितळलेले मेण वातीतून वर कसे चढते? जळते ते मेण की मेणाची वाफ? फॅरडे काचेची बारीक नळी ज्योतीच्या मध्यभागी धरतात आणि नळीच्या दुसऱ्या टोकाशी ती वाफ पेटवून दाखवतात. ज्योतीवर बर्फ भरलेले पात्र धरतात आणि त्याच्या बुडाशी जमलेले पाण्याचे थेंब मुलांपुढे ठेवतात. आग विझवणारे पाणी आगीतूनच जन्मते, हे मुलांना सांगावे लागत नाही. ती ते पाहतात. शेवटच्या व्याख्यानात मेणबत्तीचे जळणे आणि माणसाचे श्वसन ही एकाच प्रकारची क्रिया आहे, येथवर विवेचन पोहोचते.

या पुस्तकाच्या मर्यादा उघड आहेत. इलेक्ट्रॉनचा शोध १८९७ चा; तेव्हा अणूचे अंतरंग येथे मिळणार नाही. फॅरडे ज्याला 'कार्बॉनिक ॲसिड' म्हणतात तो आजचा कार्बन डायऑक्साइड, हे वाचकाने ध्यानी ठेवावे. शिवाय ही मुळात बोललेली व्याख्याने; आरामखुर्चीत पडून वाचली तर ती निम्मीच पोहोचतात. ती मुलांना मोठ्याने वाचून दाखवावी आणि समोर मेणबत्ती असावी. मेणबत्ती नसेल तर देवापुढची समई आहेच. वातीतून चढणारे तेल आणि मेण यांना नियम एकच लागू आहे.

ज्या वर्षी फॅरडे यांचे पुस्तक निघाले, त्याच १८६१ मध्ये बंगालात प्रफुल्लचंद्र राय यांचा जन्म झाला. त्यांचा 'अ हिस्टरी ऑफ हिंदू केमिस्ट्री' हा द्विखंडात्मक ग्रंथ (१९०२ व १९०९) आमच्या यादीतील दुसरा. एडिंबरोहून पदवी घेऊन आलेला, कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवणारा आणि बेंगॉल केमिकल हा कारखाना उभारणारा हा रसायनज्ञ जुन्या संस्कृत पोथ्यांकडे वळला, त्यामागे फ्रेंच रसायनज्ञ बर्थेलो यांच्याशी झालेला पत्रव्यवहार होता. पारा, गंधक, अभ्रक, जस्त यांवरील आपल्या पूर्वजांच्या प्रक्रिया राय यांनी मूळ वचनांसह जगापुढे ठेवल्या.

अशा विषयाला हात घालताना आपल्याकडे दोन रोग संभवतात. एक, सर्व काही आमच्या पोथ्यांत होतेच हा अभिमान. दुसरा, आमच्याकडे काहीच नव्हते हा न्यूनगंड. राय यांना दोन्ही शिवलेले नाहीत. 'रसरत्नसमुच्चया'त वांग्याच्या आकाराच्या मुशीतून जस्त काढण्याची रीत सांगितली आहे. राय तिचा अर्थ प्रयोगशाळेत काम केलेल्या माणसाच्या नजरेने लावतात. पुढे १९८० नंतरच्या दशकात उदयपूरजवळ जावर येथे उत्खनन झाले, तेव्हा जस्त गाळण्याच्या भट्ट्या आणि त्याच वांग्याच्या घाटाच्या मातीच्या मुशी प्रत्यक्ष हाती आल्या. पोथीला मातीने साक्ष दिली.

परंतु ग्रंथाचे खरे मोल याही पलीकडे आहे. एवढी कारागिरी असलेल्या देशात प्रयोगबुद्धी का मावळली, हा प्रश्न राय टाळत नाहीत. जातिव्यवस्थेमुळे बुद्धिजीवी वर्ग हातकामापासून दूर झाला. कारागिराकडे 'कसे' उरले, पण 'का' विचारणारा त्याच्याजवळ राहिला नाही, असे त्यांचे निदान आहे. वेदान्तातील मायावादालाही ते या ऱ्हासाचा काही दोष देतात. हे दुसरे कारण आम्हांस तितकेसे पटत नाही. जगाला मिथ्या म्हणणाऱ्यांनीही व्यवहारात जमाखर्च चोख ठेवलेला दिसतो. पहिले निदान मात्र झोंबते, कारण ते आजही खोटे झालेले नाही. लेखणी चालवणाऱ्या आमच्यासारख्यांच्या घरी फ्यूज बदलण्यासही माणूस बोलवावा लागतो, आणि यात काही उणे आहे असे आम्हांस वाटत नाही. राय यांच्या ग्रंथकालनिर्णयाविषयी पुढील अभ्यासकांत मतभेद झाले. १९५६ मध्ये इंडियन केमिकल सोसायटीने प्रियदारंजन राय यांच्या संपादनाखाली ग्रंथाची सुधारून केलेली आवृत्ती एका खंडात काढली. सामान्य वाचकाने तीच पाहावी.

तिसरे पुस्तक निखालस विद्यार्थ्यांचे. लायनस पॉलिंग यांचे 'जनरल केमिस्ट्री' १९४७ मध्ये प्रथम निघाले. १९७० ची तिसरी आवृत्ती पुढे स्वस्त रूपात पुनर्मुद्रित झाली. येथे मूलद्रव्यांची माहिती पाठ करण्याचा खटाटोप नाही. पदार्थाची रचना कशी आहे आणि म्हणून तो कसा वागतो, हे एकच सूत्र लेखकाने अखेरपर्यंत धरले आहे. हिरा आणि शिसपेन्सिलीतील ग्रॅफाइट ही दोन्ही कार्बनचीच रूपे. एक काच कापते आणि दुसरे कागदावर झिजते. हा फरक अणूंच्या मांडणीचा, हे एकदा उमजले की विद्यार्थ्याला पाठांतराची लाज वाटू लागते.

हे पुस्तक केवळ डोक्याचे आहे, असा आक्षेप येईल. तो पुरता खरा नाही. १९४८ मध्ये ऑक्सफर्ड येथे सर्दीने अंथरुणास खिळलेले असताना पॉलिंग यांनी कागदावर प्रथिनाची साखळी रेखाटली आणि तो कागद हाताने घड्या घालून वळवून पाहिला. आल्फा हेलिक्स या रचनेची कल्पना त्यातून निघाली. रचना समजणे म्हणजे ती हाताने वळवून पाहता येणे, ही या लेखकाची वृत्ती त्याच्या पाठ्यपुस्तकातही उतरली आहे. मात्र सेंद्रिय रसायनासाठी आजच्या विद्यार्थ्याने यावर विसंबू नये. त्यासाठी क्लेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे 'ऑरगॅनिक केमिस्ट्री' (दुसरी आवृत्ती, २०१२) घ्यावे. ते जाडजूड आहे, पण अभिक्रिया का घडते हे सांगितल्यावाचून ते पुढे सरकत नाही.

चौथे पुस्तक पाठ्यपुस्तक नव्हे, आणि काटेकोरपणे पाहता रसायनाचेही नव्हे. तरी आमच्या मते ते सर्वांत मोठे. प्रीमो लेव्ही या इटालियन रसायनज्ञाचे 'इल सिस्तेमा पेरिओदिको' १९७५ मध्ये निघाले आणि 'द पीरिऑडिक टेबल' या नावाने १९८४ मध्ये इंग्रजीत आले. एकवीस प्रकरणे आणि प्रत्येकास एका मूलद्रव्याचे नाव. आरंभी आर्गॉन, शेवटी कार्बन. लेव्ही हे तुरीनचे ज्यू. १९४४ मध्ये त्यांची रवानगी आउश्वित्सच्या छळछावणीत झाली. तेथून ते जिवंत परतले आणि नंतर अनेक वर्षे रंगरोगणाच्या कारखान्यात नोकरी करीत राहिले.

जस्तावरील प्रकरणात ते सांगतात, की अतिशुद्ध जस्त आम्लाला सहजी दाद देत नाही. अभिक्रिया घडण्यास किंचित भेसळ लागते. १९३८ मध्ये वंशशुद्धीचे कायदे करणाऱ्या इटलीत एका ज्यू विद्यार्थ्याला या साध्या प्रयोगात काय दिसले असेल, हे वाचकाने ताडावे. लेव्ही त्यावर प्रवचन करीत नाहीत. राय यांच्या ग्रंथात जे जस्त प्राचीन कौशल्याची साक्ष देते, तेच येथे माणसाच्या अहंतेविरुद्ध उभे राहते.

आमच्या वाचकांनी 'क्रोमियम' हे प्रकरण तर अवश्य वाचावे, कारण ते कचेरीत हयात घालवलेल्या माणसासाठीच लिहिले आहे असे वाटते. युद्धानंतर लेव्ही ज्या कारखान्यात लागले, तेथे रंगाचा मोठा साठा घट्ट होऊन वाया गेला होता. जुनी टाचणे चाळता त्यांना दिसले, की तपासणीत रसायनाचे '२ किंवा ३' थेंब घालावेत अशी मूळ सूचना होती. नक्कल करताना 'किंवा' गळला आणि '२३' थेंब झाले. त्या जादा थेंबांमुळे सदोष क्रोमेटही तपासणीत निर्दोष ठरत गेले. क्रोमेटमधील शिशाचे जादा ऑक्साइड निकामी करण्यासाठी लेव्ही यांनी रंगात अमोनियम क्लोराइड घालण्याचा उपाय काढला आणि बिघडलेला रंग पुन्हा वापरण्याजोगा झाला. पुढे ते कारखाना सोडून गेले, सदोष मालही संपला; परंतु बऱ्याच वर्षांनी त्यांना कळले, की त्या रंगात अमोनियम क्लोराइड अद्याप घातले जात आहे आणि ते का, हे तेथे कुणालाच ठाऊक नाही. त्याच प्रकरणात उकळत्या जवसाच्या तेलात कांद्याच्या चकत्या टाकण्याची जुनी कृती येते. तापमापक नव्हता तेव्हा कांदा तळला जाण्यावरून तेलाची उष्णता कळे. तापमापक आला, तरी कांदा राहिला.

कारण संपले तरी नियम उरतो, याचा अनुभव कोणत्या अधिकाऱ्यास नाही? आपल्या नस्त्यांतही असे कांदे थोडे नसतील. 'का' हा प्रश्न एकदा सुटला, की प्रयोगशाळा आणि कचेरी दोन्ही सारख्याच आंधळ्या होतात. राय यांनी देशाच्या इतिहासात पाहिलेला रोग लेव्ही एका डब्यातील रंगात दाखवतात.

आणि ते अमोनियम क्लोराइड म्हणजे तरी काय? आपला नवसागर. कल्हईवाला तापलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात जी पूड टाकतो आणि पांढरा धूर उठतो, तीच ही. भांड्यावरील ऑक्साइडचा थर ती दूर करते, म्हणूनच कथील धातूला धरते. तुरीनजवळच्या कारखान्यात ती शिशाच्या ऑक्साइडवर चालली, आपल्या अंगणात ती तांब्याच्या ऑक्साइडवर चालत आली. अंगणात उकिडवे बसून ते पाहणाऱ्या मुलांनी 'हे का टाकता?' म्हणून विचारले असेल. उत्तर देणारे पुस्तक मात्र घरात नव्हते.

मराठीत परिभाषा झाली, विश्वकोश झाला, १९६६ पासून मराठी विज्ञान परिषद झटत आहे. आता हवे आहे ते कल्हई, गूळ, चुना, नीळ यांपासून आरंभ करून रेणूपर्यंत नेणारे पुस्तक. ते पुण्या-मुंबईच्या प्राध्यापकानेच लिहावे असे नाही. आमचे वाचक ज्या मुलुखात नेमणुकीवर आहेत, तेथे रसायन बाजारात बसलेले आहे : कनौजला अत्तराच्या भट्ट्यांत, फिरोझाबादला काचेच्या बांगड्यांत, मुरादाबादला पितळेत. बिदरचा कारागीर तर जस्ताच्या मिश्रधातूवर नवसागर आणि किल्ल्यातील मातीचा लेप देऊन बिदरी कामाला काळा रंग चढवतो. रंग जस्ताला चढतो, चांदीची नक्षी शुभ्रच राहते. का, हे त्याच्याशेजारी बसून विचारणारा आणि मराठीत लिहून ठेवणारा एखादा अधिकारी निघाला, तर राय यांच्या तक्रारीस थोडेसे उत्तर मिळेल.

तोवर मुलांसाठी फॅरडे, महाविद्यालयातील विद्यार्थ्यासाठी पॉलिंग, इतिहासाची आवड असणाऱ्यास राय, आणि घरातील प्रत्येक वडीलधाऱ्या माणसास लेव्ही, एवढी शिफारस करून आम्ही थांबतो. पुढच्या बदलीच्या वेळी ही चार पुस्तके रद्दीत जाणार नाहीत, अशी आमची खात्री आहे.