‘रास्त’ आणि ‘योग्य’

नैतिक औचित्य दर्शविणारे शब्द मराठीत थोडे नाहीत. योग्य, उचित, वाजवी, न्याय्य, रास्त हे त्यांतील नित्य परिचयाचे होत. एकाचा अर्थ सांगताना आपण सहज दुसरा पुढे करतो. परंतु वापरात ते एकमेकांची जागा घेत नाहीत, असे आम्हांस वाटते.

‘योग्य’ हा ‘युज्’ धातूपासून आला. जे जुळते ते योग्य. ‘वाजवी’चे मूळ अरबी ‘वाजिब’, म्हणजे कर्तव्यरूप. मराठीत मात्र तो बहुधा ‘बेताचा, अवास्तव नसलेला’ एवढ्यावर येऊन थांबला. ‘न्याय्य’ म्हणताच निवाडा करणारा डोळ्यांपुढे उभा राहतो. ‘रास्त’ हा फारसी. त्याचा मूळ अर्थ सरळ. लॅटिन ‘रेक्टस’ व इंग्रजी ‘राइट’ हे त्याचे दूरचे आप्त होत. ‘त्याचा राग रास्त आहे’ या वाक्यात ‘वाजवी’ घातल्यास रागाचे केवळ माप होते. ‘रास्त’ने रागावणाऱ्याचा अधिकार मान्य होतो.

बडोद्यास हा भेद विशेष जाणवतो. महाराष्ट्रात शिधावाटपाच्या दुकानास ‘रास्त भाव दुकान’ म्हणतात, तर गुजरातीत ‘वाजबी भावनी दुकान’. गुजराती ‘वाजबी’त न्यायाचा अंश अद्याप जिवंत आहे. येथील मराठी विद्यार्थी तोच शब्द ‘वाजवी’ म्हणून उचलतो, तेव्हा भाव परवडतो एवढेच उरते. घेणारा वा विकणारा कोणीही नाडला गेला नाही, ही ग्वाही गळून पडते.

‘रास्त’ परकीय म्हणून टाकावा, असे कोणी म्हणेल. शिवकालीन राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांस संस्कृत पर्याय दिले. बडोद्याच्या ‘श्रीसयाजीशासनकल्पतरु’ने १९३१ साली शासनशब्दांचे पर्याय अनेक भाषांत मांडले. या परिश्रमांविषयी आम्हांस आदरच आहे. तथापि पर्याय देणे म्हणजे अर्थच्छटा गमावणे नव्हे, आणि ‘रास्त’ची छटा ‘योग्य’ने भरून निघत नाही.

‘योग्य ती कारवाई करावी’ हा शेरा कचेऱ्यांत सर्वत्र आढळतो. कोणाच्या सोयीने योग्य, हे त्यात कोठेच उमटत नाही. निबंधांतही हाच शब्द सर्वत्र पेरलेला दिसतो. तेथे शिक्षकांनी ‘कशास योग्य?’ असे विचारावे. उत्तर सोयीचे असेल तर शब्द राहू द्यावा. कोणाच्या हक्काचे असेल तर ‘रास्त’ लिहावयास शिकवावे. तक्रार ऐकणाऱ्या माणसास हा भेद ठाऊक असणे अगत्याचे आहे.