राव्हेन्ना येथील मागी-चित्राचें साक्ष्य

इटालींतील राव्हेन्ना शहरीं सांत आपोलिनारे नुओव्हो या ख्रिस्ती मंदिराच्या भिंतीवर सहाव्या शतकांतील रंगीत काचतुकड्यांचें जडावचित्र आहे. तीन पुरुष नजराणे पुढें करून, वांकून, मरिया व बाळ येशू यांजकडे लगबगीनें चालले आहेत. वर बाल्थासार, मेल्खिओर, गास्पार अशीं नांवें आहेत. ज्ञानी तिघे होते व त्यांचीं नांवें हींच होतीं, यास प्राचीन प्रमाण म्हणून हें चित्र वारंवार पुढें करण्यांत येतें. तें तसें घेण्यास आम्ही तयार नाहीं.

मत्तयाच्या शुभवर्तमानांत पूर्वेकडून 'मागी' आले एवढेंच आहे. संख्या नाहीं, नांवें नाहींत, राजेपणाचा तर शब्दही नाहीं. सोनें, ऊद व गंधरस असे नजराणे तीन, यावरून आणणारे तीन ठरले; रोमच्या भूमिगत दफनगृहांत ते कोठें दोन, कोठें चारही आढळतात. शिवाय राव्हेन्नाच्या चित्राचा वरचा भाग मस्तकांसह एकोणिसाव्या शतकांत पुष्कळसा नव्यानें बसविलेला आहे. पोथीचें पहिलें पान मागाहून लिहिलेलें असतां त्यावरील नांवावरून ग्रंथकर्ता ठरविण्यासारखाच हा प्रकार होय.

नांवांस खरा आधार आहे तो नवव्या शतकांतील राव्हेन्नाचा इतिहासकार आग्नेल्लुस याचा. त्यानें हीं नांवें देऊन वस्त्रांचे रंगही नोंदले आहेत. पण पुढें तो म्हणतो कीं, निळा रंग विवाहाचा, पिवळा कौमार्याचा व चित्रविचित्र रंग पश्चात्तापाचा! रंग पाहिल्याची त्याची साक्ष आम्ही घेतों. गूढार्थ मात्र त्याचा स्वतःचा, कारागिराचा नव्हे. चित्रांत गुप्तविद्या शोधणाऱ्या अलीकडच्या पंडितांनीं हा भेद ध्यानांत ठेविला असता तर पुष्कळ कागद वांचला असता.

चित्रांत खरें बोलकें आहे तें खालचें अंग: नक्षीदार तंग विजारी. हा वेष इराणी. इ. स. ६१४ त इराणी सैन्यानें बेथलेहेमचें मंदिर पाडलें नाहीं, कारण तेथील चित्रांत त्यांस आपलाच वेष दिसला, अशी कथा आहे. ती इ. स. ८३६ च्या पत्रांतली, म्हणजे दोनशेंहून अधिक वर्षांनंतरची; तिजवर घटना सिद्ध होत नाहीं, पण हा वेष इराणी म्हणून ओळखला जात होता एवढें सिद्ध होतें.

मुकुट आले ते पश्चिमेकडील चित्रांत, दहाव्या शतकाच्या सुमारास. गोमंतकांत बार्देशांतील इ. स. १५५५ च्या मंदिरास पोर्तुगीजांनीं 'रेइश मागुश' नांव दिलें, त्यांत राजे आणि मागी दोघेही शेजारीं बसले आहेत.