पश्चात्ताप करणारा देव : एका रूढ स्पष्टीकरणाची चिकित्सा

देवाला माणसाचे अवयव, रूप किंवा भावना आहेत असे मानून त्याचे वर्णन करणे म्हणजे मानवत्वारोप. ख्रिस्ती धर्मविचाराच्या मुख्य प्रवाहात देव निराकार आणि अपरिवर्तनीय मानला जातो. तरीही बायबलमध्ये त्याचा हात, मुख, क्रोध आणि पश्चात्ताप यांचे उल्लेख येतात. "ही केवळ अलंकारिक भाषा आहे" हे त्यावरचे रूढ उत्तर. ते कितपत पुरते, हे एका उताऱ्यावर तपासू.

जुन्या करारातील १ शमुवेल, अध्याय १५ पाहा. शौलाला राजा केल्याचा पश्चात्ताप होतो, असे वचन ११ मध्ये देव स्वतः सांगतो. देव माणसासारखा पश्चात्ताप करत नाही, असे वचन २९ मध्ये शमुवेल म्हणतो. वचन ३५ मध्ये निवेदक पुन्हा देवाच्या पश्चात्तापाकडे येतो. तिन्ही ठिकाणी मूळ हिब्रू क्रियापद एकच आहे.

सोळाव्या शतकात जॉन कॅल्विनने अशा भाषेची उपपत्ती दिली : दाई तान्ह्या मुलाशी बोबडे बोलते, तसा देव आपल्या कुवतीला उतरून बोलतो. उपमा सुंदर आहे. पण मग वचन २९ खरे आणि ११ व ३५ बोबडे, हे कोणी ठरवले? उताऱ्यात तशी खूण नाही. देव बदलत नाही हे आधीच गृहीत धरल्यामुळे ही निवड होते. आपण आकृतीत तुळई एका रेषेने दाखवतो, तेव्हा काय गाळले हे सांगता येते, कारण खरी तुळई मोजता येते. इथे ताडून पाहायला मूळ वस्तू हाती नाही. म्हणून कोणते वर्णन 'केवळ' अलंकार आहे, हे इतक्या खात्रीने सांगता येत नाही.

हा प्रश्न फक्त शब्दांचा नाही. इ. स. ३९९ मध्ये अलेक्झांड्रियाचा बिशप थिओफिलस याने पत्र काढून देवाला मानवी रूप असल्याचे मत नाकारले. इजिप्तच्या वाळवंटातील सेरापियन या वृद्ध संन्याशाला ते अखेर पटले. पण प्रार्थनेला बसताच तो रडू लागला : माझा देव काढून नेला, आता कोणाला भजू? जॉन कॅसियनने ही हकिकत नोंदवली आहे. युक्तिवाद बिनचूक असूनही काय हरवू शकते, ते इथे दिसते.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. येशूचे मानवी रूप हा ख्रिस्ती श्रद्धेनुसार आरोप नव्हे, देहधारण आहे. इ. स. ४५१ च्या खाल्सिदोन परिषदेने तो पूर्ण देव आणि पूर्ण मानव असल्याचे म्हटले. त्यामुळे वरील चिकित्सा त्याला जशीच्या तशी लागू होत नाही.

आता उत्पत्ती ६:६ वाचा आणि स्वतःला विचारा : अलंकाराची खूण मजकुरात आहे, की ती आपण बाहेरून आणतो?