निनावी देह, उच्चारलेले नाव : सुनील गुप्ता यांच्या दोन छायाचित्रमालिका

व्यक्तिचित्राच्या परंपरेत नाव आणि चेहरा यांचे नाते गृहीत धरलेले असते. हे नाते उघड होणेच ज्यांच्यासाठी धोक्याचे, त्यांचे व्यक्तिचित्र कसे संभवते? सुनील गुप्ता (जन्म : नवी दिल्ली, १९५३) यांच्या ‘एक्झाइल्स’ (१९८६-८७) आणि ‘मिस्टर मल्होत्राज पार्टी’ (२००७ पासून) या मालिका हा प्रश्न उपस्थित करतात. पहिलीकडून दुसरीकडे जाताना लपण्याकडून प्रकट होण्याकडे प्रवास झाला, असे म्हणण्याचा मोह होतो. हे वाचन अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

‘एक्झाइल्स’ ही मालिका लंडनच्या फोटोग्राफर्स गॅलरीसाठी सिद्ध झाली. हुमायूनचा मकबरा, इंडिया गेट अशा सर्वपरिचित स्थळी दिल्लीतील समलिंगी पुरुष येथे दिसतात. कित्येकांचे चेहरे वळलेले वा अदृश्य आहेत. सोबत संभाषणांतून घेतलेला संक्षिप्त मजकूर येतो. तो चित्रातील व्यक्तीचाच आहे, असा निर्वाळा मात्र मिळत नाही. देह एकाचा, वाक्य कदाचित दुसऱ्याचे. या फटीमुळे बोलणारा सुरक्षित राहतो आणि त्याचे वाक्य एका व्यक्तीच्या कबुलीजबाबापुरते मर्यादित राहत नाही. येथे अनामिकता ही उणीव नसून रचनातत्त्व आहे.

विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) या नाटकाशी तुलना उद्बोधक ठरते. मित्राला नाव आहे, रंगमंचावर देह आहे. परंतु तिची गोष्ट बापूच्या निवेदनातून आपल्यापर्यंत येते. सहानुभूती आहे, पण ती मध्यस्थाची. गुप्तांच्या मालिकेतही निवड आणि मांडणी करणारा मध्यस्थ आहेच. मात्र १९६९ मध्ये देश सोडून माँट्रियलला गेलेला हा मध्यस्थ स्वतः समलिंगी आहे. त्यामुळे शीर्षकातील निर्वासित नेमके कोण, दूर गेलेला छायाचित्रकार की स्वतःच्याच शहरात परके झालेले पुरुष, हा प्रश्न खुला राहतो.

‘मिस्टर मल्होत्राज पार्टी’ हे शीर्षक दिल्लीतील क्लबांत काल्पनिक यजमानाच्या नावे होणाऱ्या समलिंगींच्या मेळाव्यांवरून आले आहे. मल्होत्रा म्हणजे फाळणीनंतर दिल्लीत येऊन हे शहर घडवणाऱ्या पंजाबी निर्वासितांचे सर्वपरिचित आडनाव. पार्टीच्या फलकावर खोटे नाव आणि छायाचित्राखाली खरे, हा विरोध मालिकेच्या केंद्रस्थानी आहे. यातील माणसे बहुधा रस्त्यावर, स्वतः निवडलेल्या जागी उभी राहून थेट कॅमेऱ्याकडे पाहतात.

परंतु ही नावे मिळालेल्या स्वातंत्र्याची फलश्रुती नव्हेत. मालिका सुरू झाली तेव्हा भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ प्रौढांच्या संमतीने होणाऱ्या संबंधांनाही लागू होते. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्या संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने आपली भूमिका बदलली. न्यायनिर्णय फिरवता येतो. प्रदर्शित झालेल्या छायाचित्राखालचे नाव तसे मागे घेता येत नाही. या चित्रांतील जवळीक म्हणूनच केवळ दृश्य अंतराची नाही; ती पुढे येऊ शकणाऱ्या परिणामांच्या सामायिक जोखमीची आहे. नाव देणाऱ्याने ती पत्करली, नाव न देणाऱ्याने तिचे मोल ओळखले. यांपैकी एकालाच धैर्यवान ठरवणारी समीक्षा दुसऱ्याला पुन्हा एकदा निर्वासित करते.