आणीबाणीचे लेखन व लोकशाहीचा नवा अभ्यासक

विनय हर्डीकर यांचे ‘जनांचा प्रवाहो चालिला’ (1978) हे आणीबाणीवरील महत्त्वाचे मराठी पुस्तक होय. तुरुंगवास भोगलेल्या तरुणाने ते विशीतच लिहिले. त्याला जाहीर झालेला राज्य पुरस्कार पुढे शासनानेच रद्द केला. सहभागी आणि निरीक्षक या दोन्ही भूमिका एकाच लेखकाने पेलणे, हे त्याचे सामर्थ्य आहे.

परंतु लोकशाहीच्या पीछेहाटीच्या तरुण अभ्यासकाने त्याची मर्यादाही ओळखावी. 25 जून 1975 रोजी आरंभलेली आणीबाणी 21 मार्च 1977 रोजी उठली. संकट घोषित होते, म्हणून विरोधही स्पष्ट होता. आजचे संकट अघोषित असू शकते. कसारा, शहापूर, मुरबाड परिसरातील मतदारांनी डिसेंबर 2017 मध्ये ठाणे जिल्हा परिषद निवडली. 73व्या घटनादुरुस्तीनुसार मुदतीपूर्वी नवी निवडणूक अपेक्षित होती. आरक्षणाच्या न्यायालयीन वादात ती लांबली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. येथे अटक नाही, सेन्सॉरही नाही; म्हणूनच अशा ऱ्हासाला विरोध उभारणे अवघड ठरते.

तात्पर्य, हर्डीकरांकडून दृष्टी घ्यावी. संकटाची व्याख्या मात्र नव्याने करावी.