रकान्याचे नाव

संशोधनपद्धती हा विषय पदव्युत्तर वर्गांना ज्या क्रमाने शिकविला जातो, तो क्रम आता इतका रूढ झाला आहे की त्याविषयी कोणी शंका घेत नाही. प्रथम संख्यात्मक पद्धती येतात : नमुना-निवड, प्रश्नावली, सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध, काय-वर्ग कसोटी. त्यांच्या मागून गुणात्मक पद्धती येतात : मुलाखत, सहभागी निरीक्षण, व्यक्ति-अभ्यास. अखेरीस 'मिश्र पद्धती' या नावाचे एक प्रकरण जोडून दोहोंचे लग्न लावून दिले जाते. या मांडणीतून विद्यार्थ्याच्या मनावर जो संस्कार होतो तो असा की, ही दोन वेगळी कुळे आहेत. ज्याला गणिताची धास्ती वाटते त्याने मुलाखती घ्याव्यात आणि ज्याला माणसांशी बोलण्याचा संकोच वाटतो त्याने तक्ते करावेत. मग लघुप्रबंधात ऐंशी पाने तक्त्यांची आणि मागाहून चारपाच हकीकती, ताटाच्या डाव्या बाजूला लोणचे वाढावे तशा.

या मांडणीत एक मूलभूत चूक आहे. मोजणी संपल्यावर गुणात्मक विचार सुरू होतो असे ती गृहीत धरते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. तक्त्यात आकडा पडण्यापूर्वी रकान्याला नाव द्यावे लागते. कोणाला शेतकरी म्हणावयाचे, कशाला कुटुंब म्हणावयाचे, हे ठरवावे लागते. हा निर्णय गणिताचा नसतो. तो गावात जाऊन, ऐकून, शब्दांचे अर्थ पारखूनच घ्यावा लागतो. तो न घेता केलेली मोजणी कितीही काटेकोर असली तरी ती दुसऱ्या कोणीतरी, बहुधा एखाद्या कचेरीने, घेतलेल्या निर्णयाची नक्कल ठरते.

धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. तुळजापूर येथे १९८६ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे ग्रामीण केंद्र सुरू झाले. धाराशिव येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे उपकेंद्र आहे. अनुसूचीचे गठ्ठे घेऊन खेडोपाडी जाणारा विद्यार्थी हे या जिल्ह्यातील लोकांच्या परिचयाचे दृश्य आहे. त्या विद्यार्थ्याच्या हातात जी पाठ्यपुस्तके असतात ती बहुतेक परदेशी ग्रंथांची रूपांतरे असतात, आणि उदाहरणेही तिकडचीच. मराठी मुलखात मात्र शंभर वर्षांपूर्वी, अवघ्या तीनचार वर्षांच्या अवधीत, हा सारा वाद तीन लेखनांतून मांडला गेला होता. ती तिन्ही एकत्र ठेवून क्वचितच वाचली जातात.

पहिले त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा', १९१५ चे. आत्रे महसूल खात्यातील अधिकारी. वतनदार, कारूनारू, फिरस्ते, सावकार, सण, देवदेवस्की यांचे इतके भरघोस आणि जिवंत वर्णन मराठीत तोवर झाले नव्हते, आणि त्यानंतरही फार थोडे झाले. एकेका व्यवहाराचे मूळ नाव, त्याची लकब, त्यातील मेख आत्र्यांना ठाऊक आहे. तथापि, या ग्रंथाचा दोष त्याच्या गुणातूनच निपजला आहे. वर्णन एवढे दाट आहे की त्यात न्यायनिवाडा कधी मिसळला हे वाचकाच्या ध्यानात येत नाही. कुणब्याच्या खळ्यावर हात पसरणारे अनेक, आणि पिकविणारा एक, हे चित्र ग्रंथभर ठसविले जाते. परंतु ज्यांनी हात पसरला असे म्हटले आहे त्यांची बाजू त्यांच्या तोंडून कोठे येत नाही. महाराने वा मांगाने गावासाठी वर्षभर केलेल्या कामाचा हिशेब बलुत्याच्या पेंढ्यांसमोर मांडून पाहिला असता, तर कोण कोणाचे खातो या प्रश्नाचे उत्तर कदाचित निराळे आले असते. निरीक्षण उत्तम असूनही निरीक्षक कोठे उभा आहे हे तपासावे लागते, याचा याहून चांगला धडा गुणात्मक पद्धतीच्या विद्यार्थ्याला मिळणार नाही.

दुसरे लेखन डॉ. हॅरॉल्ड मान यांचे. मान मूळचे रसायनशास्त्रज्ञ; आसामातील चहाच्या संशोधनानंतर ते पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाची त्यांनी केलेली पाहणी १९१७ मध्ये आणि न. वि. कानिटकर यांच्यासह केलेली जातेगाव बुद्रुकची पाहणी १९२१ मध्ये प्रसिद्ध झाली. (पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवडच्या इमारतींत बुडून गेले आहे, मान यांनी मोजलेल्या तुकड्यांवर आता मजले उभे आहेत.) पिंपळ्यात १७७१ साली सरासरी धारणा ४० एकरांची होती, ती १९१४-१५ मध्ये ७ एकरांवर आली, हा त्यांचा आकडा पुढे प्रत्येक पाठ्यपुस्तकात शिरला. परंतु मान यांच्या कामाचे खरे वैशिष्ट्य त्या आकड्यात नाही. त्यांनी गावातील कुटुंबांचे तीन गट पाडले : केवळ शेतीवर निभावणारी, शेतीला बाहेरच्या मजुरीची जोड दिल्यावर निभावणारी, आणि दोन्ही असूनही न निभावणारी. बहुसंख्य कुटुंबे तिसऱ्या गटात पडली. आता 'निभावणे' म्हणजे काय? मान यांनी त्यासाठी विलायतेतून मापदंड आणला नाही. गावाने स्वतः मानलेल्या राहणीचा खर्च त्यांनी आधार म्हणून घेतला. म्हणजे ज्याला संख्यात्मक संशोधनाचा आद्य नमुना म्हणून गौरविले जाते, त्याच्या पायात गावकऱ्यांच्या समजुतीचा दगड आहे.

तिसरे लेखन या दोहोंपेक्षा लहान, पण धारेने अधिक तीक्ष्ण. भारतातील लहान शेतजमिनींवर भीमराव आंबेडकर यांनी १९१८ मध्ये लिहिलेला इंग्रजी निबंध हे ते लेखन. 'किफायतशीर धारणा' या संज्ञेची कीटिंग आणि मान यांनी केलेली व्याख्या त्यांनी तपासायला घेतली. त्यांचा आक्षेप असा की, कुटुंबाला पोटापुरते देणारी जमीन ती किफायतशीर, असे म्हणणे म्हणजे उत्पादनाचा प्रश्न उपभोगाच्या मापाने सोडविणे होय. जमीन लहान की मोठी हे तिच्या एकरांवरून ठरत नाही. तिच्यावर लावलेल्या भांडवलाच्या, औतांच्या, बैलांच्या व श्रमाच्या प्रमाणावरून ठरते. औतेच पुरेशी नसतील तर आहे ती धारणाही लहान नव्हे, उलट मोठी आहे, असे म्हणावे लागेल. येथे आंबेडकरांनी नव्या गावाची पाहणी केली नाही. त्यांनी रकान्याचे नाव बदलले, आणि उपलब्ध आकडेच निराळे बोलू लागले. ज्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे, तेथील संशोधनपद्धतीच्या वर्गात हा निबंध पहिल्या आठवड्यात वाचला जावा, अशी अपेक्षा करणे वावगे होणार नाही.

ही तिन्ही लेखने धाराशिवविषयी नव्हती. तेव्हा हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. परंतु त्यांनी उभा केलेला प्रश्न या जिल्ह्यात पावलोपावली भेटतो. सर्वांत साधे उदाहरण जिल्ह्याच्या नावाचेच. १९८१ आणि १९९१ च्या जनगणनेतील 'उस्मानाबाद जिल्हा' हे दोन आकडे शेजारी मांडून दशकातील वाढ काढू पाहणारा विद्यार्थी फसतो, कारण १९८२ मध्ये लातूर जिल्हा त्यातून वेगळा झाला. नाव तेच राहिले, भूमी बदलली. २०२३ मध्ये नाव बदलले आणि भूमी तीच राहिली. संगणकाला या दोन्ही गोष्टी कळत नाहीत.

यापेक्षा गंभीर उदाहरण १९९३ च्या भूकंपाचे. ३० सप्टेंबरच्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे ८,००० माणसे दगावली. उमरगा परिसरातील सास्तूरसारखी गावे उद्ध्वस्त झाली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली आणि जमिनीच्या धारणेनुसार कुटुंबाला २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांचे घर देण्याचे ठरले. या एका वाक्यात दोन रकाने आहेत : 'कुटुंब' आणि 'धारणा'. एका वाड्यात तीन भाऊ, तीन चुली, आणि सातबारा मात्र थोरल्याच्या नावावर, असे असेल तर कुटुंबे किती? आणि ज्याची जमीन शून्य, पण ज्याच्या पडवीत सुताराचा कारखाना होता, त्याच्या घराची गरज एकरांत कशी मोजावी? पुनर्वसनावरील पुढील अभ्यासांत लोकांनी नव्या गावांत केलेले फेरबदल, वाढविलेल्या भिंती, सरळ आखलेल्या रस्त्यांविषयीची नापसंती यांची चर्चा पुष्कळ आहे. त्यातील बरीचशी नाराजी या दोन शब्दांच्या आखणीतच पेरली गेली असावी.

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या आकडेवारीत हाच प्रश्न अधिक कठोर रूपाने येतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०१३ साली देशभरातील अशा मृत्यूंची संख्या ११,७७२ होती. २०१४ साली ती ५,६५० झाली. एका वर्षात आपत्ती निम्मी झाली असे हा तक्ता वरवर पाहता सांगतो. वास्तविक त्या वर्षी वर्गवारी बदलून शेतमजूर वेगळे काढले गेले, आणि त्यांची संख्या ६,७१० होती. राज्यात २००६ पासून मृताच्या वारसांना एक लाख रुपयांची मदत देताना प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' हे ठरविले जाते. जमीन कोणाच्या नावे, कर्ज बँकेचे, सोसायटीचे की परवानाधारक सावकाराचे, हे पाहिले जाते. ज्या स्त्रीने हयातभर शेत कसले पण जिचे नाव सातबाऱ्यावर चढले नाही, जो दुसऱ्याचे रान बटाईने करीत होता, ज्याने कर्ज सोयऱ्याकडून घेतले, त्यांचे काय होते हे निराळे सांगावयास नको. अशा गणनेवर उभारलेला सहसंबंध शेतीतील संकटाचा नसतो, कागदपत्रांच्या उपलब्धतेचा असतो.

येथे गुणात्मक पद्धतीचा अभिमान बाळगणारे म्हणतील की, म्हणूनच घरी जाऊन हकीकत ऐकावी. हे उत्तरही अपुरे आहे. विद्यार्थी त्या घरी पोहोचतो तेव्हा तीच हकीकत आधी पोलिसाला, तलाठ्याला आणि वार्ताहराला सांगून झालेली असते. काय विचारले जाते आणि काय टिपून घेतले जाते हे कुटुंबाला कळून चुकलेले असते. म्हणून हकीकत कर्जाच्या रकमेपासून सुरू होते. भावकीतील तंटा, मुलीच्या लग्नाची ओढाताण, दुखणे, मागे राहते किंवा येतच नाही. रकान्याने केवळ आकडाच नव्हे, तर कथाही घडविलेली असते. दहा मुलाखतींतून 'कर्जबाजारीपणा' हा समान धागा हाती लागला असे लिहिणारा विद्यार्थी पुष्कळदा शासकीय अर्जाचाच नमुना वाचून दाखवीत असतो. शिवाय दुःखात असलेल्या घराला तोच प्रश्न पाचव्यांदा विचारण्याचा अधिकार पदवीसाठी धडपडणाऱ्याला कोणी दिला, हाही विचार पद्धतीच्या बाहेरचा नव्हे.

गणना आणि अर्थ यांची गाठ किती घट्ट असते हे पाहावयाचे तर कळंब, वाशी, भूम या तालुक्यांतील ऊसतोड कामगारांकडे वळावे. तेथे मोजण्याचे एकक आधीच तयार आहे : कोयता. मुकादम कारखान्याला सांगतो ते किती माणसे आणणार हे नव्हे, किती कोयते आणणार हे. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून एक जोडी. एकटा असेल तर अर्धा कोयता. उचल कोयत्यावर मिळते आणि ती पुरुषाच्या हाती पडते. ऊस तोडणे, मोळ्या बांधणे, त्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहणे, शिवाय पहाटेचा स्वयंपाक आणि पोरांची उस्तवार, यांतील स्त्रीचा वाटा या एका शब्दात असा विरघळतो की तो पुन्हा वेगळा काढता येत नाही. 'आपले मासिक उत्पन्न किती?' हा अनुसूचीतील सातवा की आठवा प्रश्न तिला विचारला, तर ती गप्प राहते. विद्यार्थी 'निरंक' असे लिहितो. मौनाचे शून्य होते आणि शून्याची सरासरी निघते.

कोयता हा शब्द संख्या आहे की संकल्पना? तो दोन्ही आहे, आणि म्हणूनच अभ्यासक्रमातील दोन्ही प्रकरणांतून तो निसटतो. याला आणखी एक पदर आहे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १६,५७,५७६ भरली. ती शिरगणती फेब्रुवारीच्या ९ ते २८ तारखांत झाली, म्हणजे ऐन गळीत हंगामात. त्या दिवसांत ऊसतोडीची कुटुंबे कोणत्या कारखान्याच्या कोपीत होती, आणि त्यांची नोंद तेथे झाली, गावी झाली की कोठेच झाली नाही, हे न पाहता गावनिहाय लोकसंख्येवरून नमुना काढणाऱ्याने आपल्या अभ्यासातून नेमका कोणता वर्ग वगळला याची त्यालाच कल्पना नसते.

अभ्यासक्रमात यासाठी नवे प्रकरण घालण्याची आवश्यकता नाही. क्रम बदलला तरी पुष्कळ साधेल. प्रश्नावली तयार करण्यापूर्वी विद्यार्थ्याने एखाद्या गावात काही दिवस राहून तेथील माणसे कशाची मोजदाद कोणत्या शब्दाने करतात याची टिपणे करावीत : चूल, खातेदार, औत, सालगडी, कोयता. कोणत्या शब्दात कोण सामावतो आणि कोण बाहेर राहतो हे दोनतीन घरी विचारून पाहावे, आणि उत्तरे जुळत नसतील तर न जुळणे तसेच नोंदवावे. नमुना-निवड आणि काय-वर्ग कसोटी यांचे काम त्यानंतरचे. त्यांचे महत्त्व कमी होत नाही, उलट त्यांना मोजण्याजोगे काही मिळते. ऊसतोडीच्या तालुक्यांत हे काम दसऱ्याआधी, मुकादम उचल वाटीत फिरत असतो त्या दिवसांत, उरकणे बरे. सध्याच्या वेळापत्रकाप्रमाणे क्षेत्रकार्य दिवाळीच्या सुट्टीनंतर ठेवले जाते, आणि तोवर त्या घरांना कुलुपे लागलेली असतात.