स्पंदित रेडिओफ्रीक्वेन्सी : 'अविनाशक' या विशेषणाची चिकित्सा

वेदनाशमनाच्या क्षेत्रात स्पंदित रेडिओफ्रीक्वेन्सी ही पद्धत चेतापेशींना अपाय न करणारी म्हणून ओळखली जाते. ही ओळख कोणत्या पुराव्यावर उभी आहे, हे तपासणे अगत्याचे आहे. वडोदऱ्याजवळच्या छाणीतील कंबरदुखीच्या रुग्णाला प्रयोगशाळेतील निष्कर्ष वाचता येत नाहीत; त्याच्यापर्यंत 'अविनाशक' हा एक शब्द तेवढा पोहोचतो.

जुनी, सलग प्रवाहाची पद्धत उघडपणे नाशक होती. सुमारे ८० अंश सेल्सिअस उष्णतेने चेतातंतू जाळला जाई. १९९८ मध्ये स्लायटर, कॉसमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरा मार्ग मांडला. प्रवाह २० मिलिसेकंदांचा, सेकंदाला दोनदा, साधारण ४५ व्होल्टचा, दोन मिनिटे. म्हणजे दर सेकंदातील ९६० मिलिसेकंद यंत्र गप्प असते, ऊती निवते आणि सुईच्या टोकाचे तापमान ४२ अंशांपलीकडे जाऊ दिले जात नाही. उष्णता नाही म्हणून नाश नाही, असा हा युक्तिवाद.

युक्तिवाद आकर्षक आहे, पण अपुरा. यंत्र दाखवते ते सरासरी तापमान. कॉसमन पितापुत्रांनीच २००५ मध्ये दाखवले की प्रत्येक स्पंदनात टोकाशी तापमान क्षणभर उसळते आणि तेथील विद्युतक्षेत्र अतिशय तीव्र असते. पुढे २००९ मध्ये एर्दिने व सहकाऱ्यांनी उंदरांचे चेतातंतू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा पेशीपटल, मायटोकाँड्रिया व सूक्ष्मनलिका बिघडलेल्या आढळल्या. हा बिघाड वेदना वाहणाऱ्या बारीक सी-तंतूंत अधिक होता. कदाचित गुण येतो तो याच बिघाडामुळे! तसे असेल तर उपचार परिणामकारकही आहे आणि पेशीला स्पर्शही करीत नाही, असे दोन्ही एकदम म्हणता येणार नाही.

दुसरी बाजूही दुर्बळ नाही. काहाना यांच्या २००३ च्या पेशी-संवर्धनातील प्रयोगात स्पंदित प्रवाहाची हानी सलग प्रवाहापेक्षा कमी दिसली. २००५ मध्ये उंदरांवरील अभ्यासात ४२ अंशांवर आलेली सूज तीन आठवड्यांत बव्हंशी ओसरली. प्रत्यक्ष वापरातही गंभीर इजेच्या नोंदी विरळ आहेत.

मात्र लहान चाचण्यांतून सुरक्षितता सिद्ध झाली, असे म्हणणे घाईचे ठरते. व्हॅन झुंडर्ट यांच्या २००७ च्या मानेच्या दुखण्यावरील चाचणीत २३ रुग्ण होते; खरा उपचार ११ जणांना मिळाला. त्यांना लाभ झाला, गुंतागुंत झाली नाही. पण अकरांत शून्य या आकड्यावरून, दर पाचांत एकाला होणारी गुंतागुंतसुद्धा संख्याशास्त्र ठामपणे नाकारू शकत नाही. शिवाय सौम्यतेची किंमत असते. चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल वेदनेवर एर्दिने यांनी २००७ मध्ये ४० रुग्णांत दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या, तेव्हा स्पंदित पद्धत जवळपास निष्प्रभ ठरली. वेदना तशीच राहणे हाही रुग्णाचा तोटाच, जरी तो 'दुष्परिणाम' या रकान्यात लिहिला जात नाही.

आणखी एक प्रश्न मधुमेहींचा. वर उल्लेखिलेले उंदीर निरोगी होते; दवाखान्यात येणाऱ्या अनेकांचे चेतातंतू साखरेने आधीच पोखरलेले असतात. छाणीच्या रुग्णाचे संमतिपत्र गुजरातीत, हिंदीत वा मराठीत लिहिताना 'काहीही जळत नाही' एवढ्यावर थांबता येत नाही. संवेदना व शक्ती जाण्याचा धोका अल्प आहे, पेशीत सूक्ष्म बदल होतात, ते किती टिकतात याचा मानवी पुरावा तोकडा आहे आणि गुण काही महिन्यांत ओसरू शकतो, ही चार वाक्ये त्यात सहज मावतात.